तीन देशांचं छप्पर

"तू फक्त बघत राहा! छप्पर आणलंच म्हणून समज!" हेडमास्तरांनी बायकोला सांगितलं आणि मिशीवरून असा हात फिरवला, की जणू कौलं खिशातच होती.

शाळेचं छप्पर म्हणजे नुसती चाळण! पाऊस आला की तिसरीची पोरं दप्तरं डोक्यावर धरून पाढे म्हणत. त्यात यंदा एक वासा मोडून लोंबत होता. अशात खबर आली, की तीन देश मिळून शाळांना मदत देणार. एक देश छप्पर देणार, दुसरा भिंती, तिसरा बाकं. पण तिघांचं एकमत झालं तरच! त्यांची माणसं पाहणीला येणार होती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मोडका वासा दाखवला असता! पण आपले हेडमास्तर पडले अब्रूदार. "पाहुण्यांसमोर लक्तरं वेशीवर टांगायची? झाकली मूठ सव्वा लाखाची!" असं म्हणत त्यांनी साडूला गाठलं. साडूही हेडमास्तरच, शेजारच्या गावात. त्याच्या शाळेतली बाकं, पंखे, घड्याळ, पृथ्वीचा गोल, सगळं एका दिवसासाठी उसनं आणलं. छपराखाली पांढरंशुभ्र कापड ताणलं. वासा गायब!

"अहो, भावजींच्या शाळेत खडूचा तुकडासुद्धा ठेवला नाहीत!" बायको म्हणाली.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे!"

पाहुणे आले. एक उंच साहेब, एक चष्मेवाल्या बाई आणि एक टोपीवाले. दारातच त्यांची जुंपली.

"पत्रे घालू!" उंच साहेब म्हणाले.

"पत्रे तापतात! कौलं!" बाई कडाडल्या.

"आधी भिंती तरी बघा!" टोपीवाले ओरडले.

दुभाष्यानं कपाळाला हात लावला. "महिनाभर फिरतोय यांच्याबरोबर. चहात साखर किती, यावरही एकमत नाही हो!"

तिघे वर्गात शिरले. पंखे गरगरत होते, बाकं चकाकत होती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते एका सुरात काहीतरी म्हणाले. दुभाष्यानं हेडमास्तरांना मिठीच मारली. "एकमत! अहो, पहिलं एकमत! म्हणतात, या शाळेला कशाचीही गरज नाही!"

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही, म्हणजे, वर जरा..."

"वर काही लपवलंय का?" दुभाष्यानं विचारलं.

"छे! लपवायचंय काय?"

मग पाहुणे शेजारची शाळा बघायला निघाले. हेडमास्तर मागोमाग. साडूच्या शाळेत पोरं जमिनीवर बसलेली. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. छप्पर, भिंती, बाकं, सगळं जागच्या जागी मंजूर!

"अहो, पण आमची बाकं तर..." साडू बिचारा खरं सांगायला गेला.

तोच टोपीवाले हेडमास्तरांकडे वळले. "तुमच्याकडे इतकं आहे. शेजाऱ्याला थोडं द्याल?"

सगळे बघत होते. नाही म्हणायचं कसं? "थोडं कशाला? सगळं न्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! साडूची बाकं साडूलाच दान म्हणून परत गेली, फोटोसकट! साडूची हसून हसून मुरकुंडी वळली.

इकडे पावसाळ्यात वासा कोसळला. नशीब, सुट्टीचा दिवस होता! तेव्हापासून तिसरीची पोरं पायपीट करत साडूच्या नव्या शाळेत बसायला जातात. तिथल्या पाटीवर तीन देशांची नावं आहेत आणि खाली चौथे दाते म्हणून आपले हेडमास्तर!

परवा ते तिघे साडूची नवी शाळा बघायला पुन्हा आले. दाते म्हणून आपल्या हेडमास्तरांनाही सपत्नीक बोलावणं होतं. बाईंनी आपणहून विचारलं, "यंदाची मदत शिल्लक आहे. तुमच्या शाळेला काही हवंय का?"

बायकोनं डोळे वटारले. साडूही कळवळून म्हणाला, "मास्तर, सांगून टाका हो!"

हेडमास्तर उठले. चिखलानं माखलेले पाय पोटाशी घेऊन तिसरीची पोरं त्यांच्याकडे बघत होती. ते बघून त्यांना खरंच भरून आलं. त्यांनी घसा खाकरला. "तसं म्हणाल तर, आमच्या शाळेचं..."

तेवढ्यात फोटोवाला पुढे सरसावला. हेडमास्तरांची छाती आपोआप फुगली.

"छे छे! देवाच्या दयेनं सगळं आहे!"