डेझी काही फुलेना!

“जाऊबाई, या शरदात याच. कमीत कमी शंभर फुलं दाखवते!” काकूंनी फोनवर ठणकावून सांगितलं. फोन ठेवला आणि तडक अंगणात डेझीपुढे जाऊन उभ्या राहिल्या!

अंगणातली डेझी एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकते, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला जुमानत नाही आणि बाकीची बाग सुकायला लागली की पांढरीशुभ्र फुलते, असं रोपवाला छातीठोकपणे म्हणाला होता. पण दोन वर्षांत त्या बयेनं एक फूल दाखवलं असेल तर शपथ! “अगं, समुद्राकाठी मीठ पिकतं, फुलं नाही,” हा थोरल्या जावेचा टोमणा काकूंच्या घशात काट्यासारखा अडकला होता.

त्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून जुन्या चादरी बांधल्या. माती बदलली. झाडाला शिव्या दिल्या, मग त्याची माफीही मागितली. झाड आपलं फुगून फुगून हिरवा चेंडू!

“काय गोल गरगरीत झालंय हो!” काकू रडवेल्या होऊन म्हणायच्या. काका लाजायचे. चाळीस वर्षं सलून चालवून दोन वर्षांपूर्वी घरी बसलेले काका! काकूंना वाटायचं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

जाऊबाई यायच्या दिवशी काकू सकाळीच बाजारात निघाल्या, पिशवी विसरली म्हणून परतल्या आणि अंगणात खिळून उभ्या राहिल्या. डेझीच्या गळ्यात पांढरा कपडा! काकांच्या एका हातात कंगवा, दुसऱ्यात कात्री. कच्, कच्, कच्!

“अहो! हे काय चाललंय?”

“पाहुणे येणार ना? म्हटलं, जरा नीटनेटकं करावं.”

“कधीपासून करताय हे?”

“तूच सांगितलंस ना, शेंडे खुडा म्हणजे झाड दाट होईल? दर दुसऱ्या रविवारी, तू बाजारात गेलीस की करतो. दोन वर्षांत एक खाडा नाही!”

“अहो, ते फक्त उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एकदाच! पुढे शेंड्यांवरच कळ्या धरतात!”

“एकदाच? एकदा कापून कुणी गिऱ्हाईक सोडून देतं का? आणि तू इतकं कौतुक करायचीस!”

“मला कापलेलं दिसलं कसं नाही?”

“दिसलं तर तो न्हावी कसला!”

काकांनी सवयीनं कपडा झटकला. मटारच्या दाण्यांएवढ्या कळ्या टपाटप फरशीवर पडल्या. काकू पायरीवर मटकन बसल्या. चाळीसपर्यंत मोजल्या, पुढे डोळ्यांना दिसेचना.

तेवढ्यात फाटक वाजलं. जाऊबाई!

“कुठायत गं तुझी शंभर फुलं?”

काकू उठून झाडाआड सरकल्या. आणि तेव्हाच त्यांना दिसलं! झाडाच्या मागच्या अंगाला, अगदी खाली, एक फूल. पांढरंशुभ्र, पिवळ्या डोळ्याचं, पूर्ण उमललेलं!

“जाऊबाई, इकडे या! हे बघा—”

कच्!

चाळीस वर्षांची सवय. डोकं पोचायच्या आत काकांचा हात पोचला होता. त्यांनी जीभ चावली आणि मूठ घट्ट मिटली.

जाऊबाई वळसा घालून मागे आल्या, वाकल्या, निरखून पाहिलं.

“खरंच गं बाई! भावजी, मागची बाजूसुद्धा किती सफाईनं करता हो!”