साक्षीदाराची कावीळ

साक्ष द्यावी तर माझ्यासारख्यानं! आमच्या ऑफिसच्या शिपायावर मॅनेजरच्या केबिनमधला प्रोजेक्टर चोरल्याचा खटला होता. चोरी दुपारी तीनची, आणि तीनला हा गडी थिएटरात माझ्या पुढच्याच रांगेत तोंड उघडं टाकून घोरत होता. एका वाक्यात सोडवणार होतो त्याला!

अडचण एकच. मी त्या दिवशी कावीळ झाली म्हणून रजेवर होतो आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट मीच लिहिलं होतं. सहीसकट!

"घाबरू नका दाजी," शिपायाचा वकील, म्हणजे माझा मेहुणा, म्हणाला. "ज्या उत्तरानं तुम्हीच गुन्ह्यात अडकाल, त्याला हरकत घेता येते. मात्र पुढचं नीट ऐका..."

"कळलं रे! कायदा काय तुझ्या बापाचा आहे?" असं म्हणून मी पिंजऱ्यात चढलो. त्याचा बाप म्हणजे माझे सासरे, हे चढल्यावर लक्षात आलं.

मी शिपायाला थिएटरात पाहिल्याचं सांगताच सरकारी वकिलानं सर्टिफिकेट फडकावलं. "तुम्ही तर अंथरुणाला खिळला होतात! मग थिएटरात कसे?"

"सांगणार नाही! मी अडकेन!"

"म्हणजे चोरीत तुम्हीही होतात?"

"छे! चोरीत नाही, दुसऱ्या गुन्ह्यात!"

"अरे वा! एकूण आहेत तरी किती?"

न्यायाधीशबाई वैतागल्या. "हरकतीवर मी निर्णय देते. तोवर गप्प बसा."

गप्प बसलो असतो हो! पण समोर शिपायाची बायको पदराचं टोक पिळत माझ्याकडे बघत होती.

"कावीळ खोटी!" मी ओरडलो. "सर्टिफिकेट मीच लिहिलं! सिनेमा बघत होतो, आणि हा पुढे घोरत होता!"

स्वतःच्या पायावर एवढा धोंडा पाडून घेणारा खोटं कशाला बोलेल? शिपाई सुटला!

बाहेर मेहुणा कपाळ बडवत होता. "दाजी, बाई तुम्हाला 'बोला' असा हुकूम देणारच होत्या! हुकमानं दिलेलं उत्तर तुमच्यावर उलटवता येत नाही. आपखुशीनं दिलेलं येतं!"

"मग आधी सांगायचं ना!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच रिक्षा शोधायला लागलो.

मी सध्या निलंबित आहे. परवा शिपाई घरी आला, पाया पडला, रडला. म्हणाला, "तुमच्या जागी नवा माणूस आलाय, साहेब. देवमाणूस! एक दिवस रजा घेत नाही!"