वीरभद्रचा जाड आवाज

धाराशिव जिल्ह्यात आजवर कुणाच्या कानावर पडला नसेल असा आवाज काढून दाखवतो, असं वीरभद्रनं चारचौघांत सांगून टाकलं होतं. न सांगून करतो काय! मुनवरभाईंच्या बँडमध्ये तो नऊ वर्षं कीबोर्ड वाजवत होता आणि आता मुनवरभाईंच्या डोक्यात लॅपटॉप शिरला होता. लॅपटॉप जेवायला मागत नाही, उशिरा येत नाही आणि मुख्य म्हणजे भरदार वाजतो. तुझा कीबोर्ड चिलटासारखा गुणगुणतो, असं मुनवरभाईंचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, हेच खरं दुखणं होतं.

"महांतप्पाच्या पोरीचं लगीन तेवढं वाजव," ते म्हणाले. "जमलं तर जमलं. न्हायतर माझा नाइलाज हाय बाबा."

वीरभद्र पेटला. जुन्या काळच्या यंत्रांचा आवाज कसा जाड, सायीसारखा दाट असायचा, ते त्यानं मोबाइलवर ऐकलं आणि पंधरा दिवस कीबोर्डच्या बटणांशी झटापट केली. एका सुराऐवजी दोन घेतले. त्यातला एक केसभर उतरवला, म्हणजे दोघं एकमेकांना घासत राहतात आणि आवाजाला लाटा येतात. वरची कर्कश धार फिल्टरनं छाटली. जुनी यंत्रं तापली की त्यांचा सूर किंचित डळमळायचा, म्हणून हा पठ्ठ्या तो डळमळाटही मुद्दाम घालून मोकळा झाला. सगळं काम हेडफोन लावून चाललेलं, त्यामुळं आवाज कसा झालाय ते एकट्या त्यालाच ठाऊक. त्याच्या मते तो इतका सुंदर झाला होता की त्याला स्वतःचाच हेवा वाटत होता.

लग्न अणदूरजवळच्या एका मळ्यात होतं. चहूकडं द्राक्षबागा, मांडवाच्या मागंच विजेची डीपी आणि मांडवात बसलेले बहुतेक पुरुष बागायतदार. अक्षता वाटून झाल्या, लग्न लावणाऱ्या स्वामींनी हात वर केला, मांडव शांत झाला. वीरभद्रनं डोळे मिटले आणि खालच्या पट्टीतला एकच सूर दाबून धरला.

घुंऽऽऽऽ! कनाती थरथरल्या. वीरभद्रच्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांत आज पहिल्यांदा आपण खरं वाजवतोय, असं त्याला वाटलं. डोळे उघडून बघतो तर पुढच्या तीन रांगा रिकाम्या.

"फेज गेला रं!" कुणीतरी ओरडलं होतं आणि तेवढं पुरलं होतं. तीनपैकी एक फेज गेला की विहिरीवरची मोटार फिरायची थांबते आणि जागच्या जागी घुमत घुमत जळून जाते. ते घुमणं त्या भागातल्या शेतकऱ्याला झोपेतही ओळखू येतं. वीरभद्रनं ते लाटांसकट तयार केलं होतं. फेटे सावरत माणसं आपापल्या विहिरीकडं पळत सुटली आणि सगळ्यांच्या पुढं नवरीचा बाप महांतप्पा होता.

पाहुण्यांत बंडप्पा लाइनमन होता. त्यानं थेट डीपी गाठून लाइट पाडली. मांडवाची वीज तिथूनच घेतलेली, त्यामुळं कीबोर्डही गप्प झाला.

"बघा, थांबला का न्हाय आवाज?" बंडप्पा छाती काढून म्हणाला.

आवाज माझा होता, हे सांगून सांगून वीरभद्रचा घसा बसला. बारा वर्षं खांबावर चढतोय, मला डीपी कळत न्हाय व्हय, असं बंडप्पानं त्यालाच सुनावलं. लाइट परत आल्यावर वीरभद्रनं खात्री पटवायला तोच सूर पुन्हा दाबला. परत येणारी माणसं अर्ध्या वाटेवरून माघारी पळाली. शेवटी मुहूर्त टळायला नको म्हणून स्वामींनी बायकांच्या हातूनच अक्षता टाकून घेतल्या.

वीरभद्र वायरी गुंडाळायला लागला. आपलं संपलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात मुनवरभाई शेजारी येऊन बसले. त्यांना ना शेत ना मोटार, त्यामुळं अख्ख्या मांडवात तो आवाज शांतपणे ऐकलेला पुरुष तेवढाच एक. त्यांचे डोळे भरले होते.

"अब्बाच्या बँडात चौदा माणसं होती," ते म्हणाले. "समदे मिळून फुंकायचे तवा असा आवाज यायचा. त्यो लॅपटॉप राहू दे. पर हे बागायतीत वाजवू नको बाबा. कोरडवाहू गावातच वाजव."

वीरभद्रला रडूच कोसळलं. त्या दिवसापासून मुनवरभाई सुपारी घेताना आधी गावात मोटारी किती, ते विचारतात.

पुढचं लग्न ईट गावाच्या पलीकडं एका वाडीत निघालं. विहिरी फेब्रुवारीतच आटलेल्या, चालू मोटार औषधालाही नाही. वीरभद्रनं निर्धास्तपणे सूर दाबला. एकही पुरुष जागचा हलला नाही. मुनवरभाईंनी समाधानानं मान डोलावली.

आणि मग मांडवाच्या डाव्या अंगाला एकच गलका उठला. सगळ्या बायका पदर खोचून घागरी आणायला पळत होत्या. टँकर वाडीची चढण चढताना नेमका असाच घुमतो म्हणे! नवरीही अंतरपाट सोडून चार पावलं पुढं गेली होती. बिचारीला मामानं दंडाला धरून परत पाटावर आणून उभं केलं.