पेरिविंकलचा तिसरा अर्थ

इंग्रजी शब्द शिकवावा तर मीच! मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवायला तपासनीस मॅडम माझा तास बघायला येणार होत्या. दुसऱ्या कुणाचं धाबं दणाणलं असतं. मी मात्र शब्दच असा निवडला, पेरिविंकल! फूल, रंग आणि समुद्रातली गोगलगाय, असे तीन अर्थ. तिन्ही वर्गात हजर ठेवायचे!

फुलाची कुंडी मिळाली. निळसर जांभळा कागद मिळाला. गोगलगाय मेहुण्याच्या काचेच्या टाकीतून उसनी आणली.

"भावोजी, झाकण काढू नका हं. ती पाण्याबाहेर चढते," त्यानं बजावलं होतं. पण बंद बरणीत बिचारीचा जीव गुदमरेल, म्हणून मी झाकण काढलं आणि बरणी वर्गातल्या मागच्या कपाटावर ठेवली. मॅडम नेमक्या त्याच कपाटाला डोकं टेकून बसल्या, शेजारी मुख्याध्यापक.

"हे फूल आपल्या सदाफुलीच्या नात्यातलं," मी झोकात सुरुवात केली. "नाव लॅटिनमधून आलं, गुंडाळणं, बांधणं यावरून. याच्या वेलीचे पूर्वी हार करायचे. फुलावरून रंगाला नाव पडलं. गोगलगाईचं नाव मात्र वेगळ्याच वाटेनं आलं, आणि ती गोगलगाय..."

बरणी रिकामी!

गेली नोकरी! बायकोला काय सांगू? मी सरळ बाकांखाली शिरलो.

"सर, हे काय चाललंय?" मुख्याध्यापक ओरडले.

"शोधतोय सर! शब्दाचं... मूळ शोधतोय!"

"वा! कृतीतून शिक्षण!" मॅडम खूश. "मुलांनो, तुम्हीही शोधा!"

अख्खा वर्ग जमिनीवर! गुडघे धरत मुख्याध्यापकसुद्धा वाकले.

"पाय जपून टाका रे! हकनाक जीव जाईल!" मी घामाघूम होऊन किंचाळलो.

"किती तळमळीनं शिकवतात!" मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात पोरं मागे बघून फिदीफिदी हसायला लागली. माझी फजिती कळली वाटतं, म्हणून मी दटावून सगळ्यांना जागेवर बसवलं.

"आता मी विचारते," मॅडम म्हणाल्या. "पेरिविंकलचा तिसरा अर्थ कोण सांगेल?"

सगळ्या वर्गाचे हात वर! कधी तोंड न उघडणारी पोरंसुद्धा! मला भरून आलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, तुमच्या अंबाड्यावर बसलीय ना, ती!"

उत्तर अगदी बरोबर होतं हो! पण मला कायम करायचं सध्या लांबणीवर पडलंय. मेहुणाही माझ्याशी बोलत नाही. मॅडमच्या त्या किंकाळीनं त्याची गोगलगाय अजून शंखाबाहेर आलेली नाही म्हणे!