डांबर न लागलेली वाट

आमच्या शेजारचा देवराव डांबरी रस्ता आला की सायकलवरून उतरतो, ती उचलून खांद्यावर घेतो, रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या मातीत अलगद खाली ठेवतो. चाकाला डांबर लागू देत नाही. पानठेल्यावरची माणसं विचारतात, "काऊन देवराव, सायकल थकली काय?" हा थांबत नाही. जाता जाता सांगतो, "रस्ता उष्टा हाये."

ज्या रस्त्यावरून मोटर गेली तो त्याच्या मते उष्टा. फटफटी गेली तर अर्धा उष्टा. ट्रॅक्टर गेला असेल तर एक पावसाळा जाऊ देतो, मग धुतला गेला म्हणतो आणि सायकल घालतो. लांबून हॉर्न ऐकू आला तरी तोंड कडू होतं त्याचं.

एखादा साधू असं वागला असता तर मी समजू शकले असते. पण देवराव होता एस.टी.चा डायवर. परतवाड्याहून वर चिखलदऱ्याला, खाली अकोल्याला, अमरावतीला, सारी उमर त्यानं मोटर हाकली. घाटात धुकं असलं की माणसं आधी विचारत, डायवर कोण आहे, आणि देवरावचं नाव ऐकलं की झोपून जात. रिटायर झाला त्या दिवशी गळ्यात हार घालून परतवाड्याहून पायी घरी आला. तेव्हाच मी म्हटलं, याचं काहीतरी बिघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुनी सायकल झाडून काढली आणि वाटा शोधायला निघाला.

मेळघाटाचं जंगल आमच्या गावाच्या डोक्यावरच आहे. आत वाघ आहेत, आत जायची मनाई आहे, ते बरोबरच आहे. पण डोंगराच्या पायथ्यानं, जंगलाला न शिवता, किती वाटा आहेत हे आम्हाला इथं जन्म काढून माहीत नव्हतं. कालव्याची पाळ. संत्र्याच्या बगीच्यामागची चाकोरी. नाल्याची घट्ट बसलेली रेती. आणि पांदणी, म्हणजे दोन वावरांच्या मधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा. बैल गेले, गाड्या गेल्या, पांदणी तशाच पडून होत्या. देवरावनं त्या एकीला एक जोडल्या. कुठं काटे तोडले, कुठं दगड टाकले. पार अकोटाच्या बाजूपर्यंत, उजव्या हाताला डोंगर धरून, मोटरीचं तोंड न पाहता जाता येतं, असं त्यानं करून ठेवलं. रोही, म्हणजे नीलगाई, वाटेत उभे राहतात आणि सायकल पाहून हलत नाहीत. बेल वाजवावी लागते.

आता रविवारी अमरावतीची माणसं येतात. डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारख्या टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे. पहिल्यांदा आली तेव्हा सायकली कारच्या टपावर बांधून आली होती. सायकल मोटरीच्या डोक्यावर बसून येते हे पाहून देवराव त्या दिवशी नीट जेवला नाही. "गाडी पाटलाच्या खळ्यात ठेवा, मंग माह्याशी बोला," म्हणाला. त्यांनी मुकाट्यानं ठेवली. तो पुढे, ते मागे. महादेवाच्या ओट्यापाशी उतरून ओरडतो, "पाच मिन्ट!" आणि पाच मिनिटांनी निघतो, मग कोणी चहा पीत असो की आडोशाला गेलेलं असो. एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, आजी, असा रस्ता आम्ही कुठं पाहिला नाही. मी म्हटलं, पाहाल कुठून, आमच्याच गावात आहे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पाणी मागितलं होतं, मी चहा दिला.

एवढं सगळं झालं आणि एका जागी अडलं. अकोटाकडे निघालं की गावाबाहेरच बाबारावचं वावर लागतं. त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून पांदण होती. होती म्हणजे, माझ्या लग्नाच्या वेळी दोन गाड्या शेजारून जात. बाबाराव दरसाल वखराचा एक तास, म्हणजे एक ओळ, पांदणीत जास्त घालायचा. एकच तास. कोणी बोललं की म्हणायचा, बैल सरकला. पुढे म्हणायचा, ट्रॅक्टरवाला सरकला. यंदा पांदण संपली आणि तिच्यावर तूर उभी राहिली, माणसाच्या डोक्याला लागेल एवढी उंच. तिला वळसा म्हणजे मोठा डांबरी रस्ता, चांगला तासभराचा. एकटा असता तर देवरावनं तोही सायकल खांद्यावर घेऊन काढला असता.

पण त्याच्या मीनाच्या पोराचं जावळ ठरलं होतं. मीना त्याची एकुलती लेक, अकोटाकडे दिलेली. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत, म्हणून देवरावची बायको कांता कधी तिकडे गेली नाही. कोणाला त्यात काही वाटलं नाही. कांता तशीही घराबाहेर पडायची नाही. आता नातू झाला. आजीनं जायलाच पाहिजे.

देवराव रोज बाबारावकडे जायचा आणि रोज तेच ऐकून यायचा. तूर निघू दे, मग पाहू. तूर निघेपर्यंत जावळ होऊन जाणार होतं. मी देवरावला चांगलं झापलं. सायकलीचं खूळ नातवाच्या जावळात कशाला आणतो, कांताला घे आणि बसमध्ये बस. तो म्हणाला, "कांता येऊन राहिली म्हनून तं पांदण पायजे, काकू." मला वाटलं, हा पूर्णच गेला.

शेवटी मीच त्याच्याबरोबर बाबारावच्या वावरात गेले. बाबाराव धुऱ्यावर बसून शेंगा सोलत होता. मी त्याला विचारलं की बाप्पा, गावाची वाट खाऊन तुझं पोट भरलं की अजून बाकी आहे. तो माझ्यावर हसला आणि देवरावला म्हणाला, "जिंदगीभर मोटर चालवली, आन् आता मोटरीत बसाले लाज वाटते काय बे तुले?"

देवराव धुऱ्यावर त्याच्या शेजारी बसला.

"मले नाई," तो म्हणाला. "कांताले मोटर लागते."

मी म्हटलं, मोटर लागणं काही नवीन नाही. लिंबू हुंगतात, खिडकीशी बसतात.

"तसं नाई. वास आला तरी लागते. लग्नानंतर एकडाव नेली होती परतवाड्याले, माह्याच गाडीत. चार दिवस सलाईनवर होती. मी डुटीवरून येवो तं कपडे बाहेर काढून, आंगोळ करून घरात जावो. डेपोत कोनाले सांगतलं नाई. डायवरची बायको मोटरीत बसत नाई म्हनले असते, हासले असते. साऱ्या दुनियेले लेकीच्या घरी सोडून आलो, बाबाराव. हिले नाई नेता आलं."

शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. कांता घरकोंबडी आहे असंच मी समजत होते.

बाबारावनं हातातली शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तुरीच्या तीन ओळी आडव्या पडलेल्या. हिरव्या शेंगांसकट. बाबाराव आणि त्याची बायको त्या शेंगा पिशवीत भरत होते. बायकोनं ती माझ्या मागून आलेल्या कांताच्या हातात दिली आणि म्हणाली, लेकीच्या घरी खाली हातानं जाऊ नये, उकडून खा म्हणावं. बाबाराव दुसरीकडेच पाहत होता.

जावळाच्या आदल्या दिवशी ते निघाले. अर्ध्या वाटेवर देवळात मुक्काम करणार होते. मागच्या कॅरेजला देवरावनं गोधडीची घडी बांधली होती. कांता एका बाजूनं बसली. नवं लुगडं, मांडीवर शेंगांची पिशवी, हातात बाळाचं टोपडं. परतवाड्याच्या त्या एका खेपेनंतर प्रथमच गाव सोडून लांब निघाली होती, पण चेहरा असा की रोजच जाते.

देवराव एक पाय जमिनीवर टेकून उभा. हलेना. ऊन चढायला लागलं. मी म्हटलं, आता काय अडलं तुझं?

त्यानं मागं न पाहता सांगितलं, "डबल बेल नाई झाली."

कांता लाजली नाही. तिनं त्याच्या काखेतून हात पुढे घातला आणि सायकलची घंटी दोनदा वाजवली.

गाडी सुटली.