मदतनीस ताई आणि उकडलेली अंडी

स्वमग्न मुलाशेजारी वर्गात मदतनीस ताई बसवायच्या की नाही, हे यापुढे त्याच्या रक्तातल्या अमिनो आम्लांवर ठरेल, असा निर्णय शाळेने सर्वानुमते घेतला. पूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी चालत असे. पण डॉक्टर मुलाबरोबर तासन्‌तास जमिनीवर बसून खेळायच्या आणि मग नुसतं मत द्यायच्या. मताला दशांश चिन्ह नसतं.

“अहो, ऑटिझम असा रक्तावरून ठरत नाही,” डॉक्टर फोनवर म्हणाल्या.

“ठरत नसेल, पण तक्त्यात भरता येतो ना,” मुख्याध्यापक म्हणाले.

प्रश्न होता पहिलीतल्या एका मुलाचा. तो बोलत नसे. घंटा झाली की कान गच्च धरून बाकाखाली शिरे आणि त्याला बाहेर काढणं फक्त ताईंना जमे. ताई गेल्या तर शाळाही गेली, हे त्याच्या आईला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याला घेऊन तडक लॅब गाठली.

“पेशंटने स्वतःचं नाव स्वतः सांगायचं. नियम आहे,” खिडकीतली बाई म्हणाली.

“तो बोलत नाही हो.”

“बोलत नाही, याचा कागद?”

“त्यासाठीच तर रक्त द्यायला आलोय!”

“मग आधी नाव सांगू दे.”

मुलगा पंख्याकडे बघत होता. आईला रडू फुटलं. शेवटी तिची धाकटी बहीण मदतीला धावली. तिची मुलगी त्याच्याच वयाची, झोपेतही गप्प न बसणारी. दुसऱ्या दिवशी त्या पोरीने भावाच्या जागी खिडकीपाशी उभं राहून त्याचं नाव खणखणीत सांगितलं, शिवाय बाबा त्यांच्या साहेबांना घरी काय म्हणतात तेही सांगितलं. मुलाचं नाव एका मुलीने सांगितलं, याला खिडकीची हरकत नव्हती. नियम नाव सांगण्याचा होता.

रिपोर्ट झकास आला. निम्मी आम्लं मर्यादेबाहेर! ताई कायम झाल्या. मावशी मात्र घाबरली, कारण रक्त तिच्या लेकीचं होतं. ती डॉक्टरांकडे पळाली.

“त्या सकाळी काय खाल्लं होतंस गं?” डॉक्टरांनी पोरीला विचारलं.

“दोन अंडी!”

“मग आकडे चढणारच. ही तपासणी उपाशीपोटी करतात. हिला काहीही झालेलं नाही.”

मावशीचा जीव भांड्यात पडला आणि त्या आनंदात तिने हा किस्सा शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना सांगून टाकला. इथे सगळा घोळ झाला. ताई वही पूर्ण करून घेतात, ताई असल्या की परीक्षेत जादा वेळ मिळतो, हे त्या आया कधीपासून बघत होत्या. आठवड्याभरात अख्ख्या वर्गाचे रिपोर्ट मर्यादेबाहेर गेले. पोरांना अंड्याचा वासही नकोसा झाला.

अर्ज चाळीस, ताई एक. मुख्याध्यापकांनी निःपक्षपातीपणे आम्लांच्या आकड्यांवरून गुणवत्ता यादी लावली. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी बक्षीस मिळवणारा मुलगा त्यात पहिला आला आणि त्याच्या आईवडिलांनी रस्त्यावर अभिनंदनाचा फलक लावला. आपला मुलगा एकोणचाळिसावा. दोन अंड्यांवर तो कुठवर जाणार!

हल्ली घंटा झाली की तो बाकाखालीच राहतो. ताई पलीकडे वक्त्याच्या पेन्सिलीला टोक काढत असतात आणि नियमाप्रमाणे त्यांना उठता येत नाही.

काय या आया तरी, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटणारच. पण खरं सांगा, तुमच्या मुलाला परीक्षेत असा जादा वेळ मिळणार असता, तर तपासणीच्या सकाळी तुम्ही किती अंडी उकडली असतीत?