कांबळे काकांची फुली

आमच्या धायरीतल्या सोसायटीत कोणाच्याही गाडीवर सकाळी पांढऱ्या खडूची फुली दिसे. फुली म्हणजे गाडी बंद. दुरुस्त होईपर्यंत हलवायची नाही. माझ्या स्कूटरवरही ती उमटली होती. कांबळे काकांना कोणी तपासणी करायला सांगितली नव्हती. त्यांना सांगावे लागत नसे.

काका हिंजवडीतल्या कंपन्यांना बस पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे गाड्या तपासायचे. तिथे मात्र फुलीला अधिकार होता. फुली पुसून बस बाहेर काढणारा ड्रायव्हर कायमचा घरी, हा नियम त्यांनीच मालकांकडून कबूल करून घेतला होता. कोणी गयावया केली की म्हणत, "फुली ती फुली. पुढचं बोला." त्या ड्रायव्हरांत त्यांचा मुलगा राहुलही होता.

एका सकाळी मी रस्त्यावर उभा असताना काका धापा टाकत आले.

"साहेब, तुम्ही पेपरवाले. साक्षीला चला! फुलीवाली बस गेली!"

"कोणी नेली?"

"आधी रिक्षा थांबवा!"

रिक्षा थांबली. काकांनी वाकून टायर पाहिले. "गुळगुळीत. जा." दुसरीचा मागचा दिवा लागत नव्हता. तीही गेली. तिकडे बस वारज्याच्या पुढे पोचली असणार. तिसरा रिक्षावाला त्यांचे वाकणे पाहत राहिला. "काका, बसायचंय की विकत घ्यायचीय?"

ती पास झाली.

चांदणी चौकातल्या कोंडीने आम्हाला तारले. काका गाड्यांमधून अक्षरशः धावले, बसच्या दारावर थापा मारून आत चढले आणि ओरडले, "सगळे खाली उतरा!"

"काका, प्लीज! क्लायंट कॉल आहे," एक मुलगी म्हणाली.

"खाली उतरून लावा. पुढं उतार आहे आणि ब्रेक धड लागत नाहीत."

बस झटक्यात रिकामी झाली. "आज वर्क फ्रॉम चांदणी चौक," कोणीतरी पुटपुटले.

स्टिअरिंगवर राहुल होता.

"बाबा, मालकांचाच फोन आला. दुसरी बस नव्हती. काढ म्हणाले."

"फुली कोणी पुसली?"

"मी."

"चावी दे."

"घरी बोलू ना."

"फुली घरी पुसलीस का?"

राहुलने चावी दिली. मालक त्याला ठेवून घ्यायला तयार होते. काका तयार नव्हते. पुढे राहुल दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला आणि बायकोला घेऊन कात्रजला राहायला गेला. तो धायरीला येत नाही. वडिलांचा फोन उचलत नाही.

काका हल्ली सकाळी फिरायला वडगावच्या पुलापर्यंत जातात. राहुलची नवी बस तिथूनच हिंजवडीला जाते. परवा ते परत येताना जिन्यात भेटले.

"बोलला का काही?" मी विचारले.

"छे." काका कुलपात किल्ली घालता घालता थांबले. "पण मला बघितलं की गाडी हळू करतो."